इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर मेकॅनिकला काम उरेल का? गाड्यांच्या लाइनमध्ये येऊ बघणाऱ्याला सविस्तर उत्तर

प्रश्न नुकतीच बारावी झालेल्या एका मुलाचा आहे. गाड्यांची मनापासून आवड आहे, हाताने काम करायला आवडतं, पण घरचे म्हणतायत की आता सगळं इलेक्ट्रिक होणार, मेकॅनिक लोक रिकामे बसणार, त्यापेक्षा कॉम्प्युटरचं काहीतरी कर. तर या लाइनमध्ये यावं का, आलो तर ट्रेड कोर्स करू, डिप्लोमा करू की इंजिनिअरिंग, आणि दहा-पंधरा वर्षांनी मी साधारण कुठे असेन, असं त्याने विचारलंय.

तुला आधी सरळ उत्तर देतो. काम आहे, भरपूर आहे आणि पुढेही राहणारे. पण जे काम टिकणारे ते वेगळं आणि बहुतेक पोरं गॅरेजमध्ये जे शिकतात ते वेगळं, सगळा घोळ इथेच होतो. नुसता जुना पार्ट काढून नवीन बसवणाऱ्याला भाव कमी मिळत चाललाय, आणि बिघाड नेमका कुठे आहे हे मोजून, पुराव्यानिशी सांगणाऱ्याला वर्कशॉपवाले शोधत फिरतायत. मी या कामात बरीच वर्षं आहे, सुरुवात पार्ट धुण्यापासून झाली, मग इंजिन, मग इलेक्ट्रिकल, आता बराचसा वेळ डायग्नोसिसमध्ये म्हणजे बिघाड शोधण्यात आणि नवीन पोरांना शिकवण्यात जातो, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी हेच सांगतो की तू शोधणारा हो.

आता इलेक्ट्रिकचं बघू, कारण घरच्यांची भीती तीच आहे आणि ती पूर्ण खोटीही नाही. ईव्हीमध्ये इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट, इंजेक्टर, टर्बो, सायलेन्सर यातलं काहीच नाही, क्लच पण नाही. म्हणजे ज्या ठराविक सर्व्हिसिंगवर कित्येक गॅरेजचं महिन्याचं भागतं ते काम ईव्हीमध्ये बऱ्यापैकी कमी होतं. ब्रेक पॅड पण जास्त टिकतात, कारण गाडी हळू करताना मोटरच जनरेटरसारखी चालते, ती ताकद बॅटरीत परत जाते आणि पॅडवर लोड कमी येतो. इथपर्यंत घरच्यांचं बरोबर आहे.

पण तोच ब्रेक कमी वापरला गेला की डिस्क गंजतात, कॅलिपरच्या पिना जाम होतात, मग ते सगळं उघडून साफ करायचं काम निघतं. बॅटरी पॅकचं वजन कित्येकशे किलो असतं, त्यात मोटरचा टॉर्क पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो, त्यामुळे टायर लवकर झिजतात, सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग यांच्यावर जास्त ताण येतो. स्टिअरिंग आहे, अलाइनमेंट आहे, एसी आहे. कूलंट तर आहेच, आणि पूर्वीपेक्षा किचकट आहे, कारण बॅटरी थंडही ठेवायची आणि थंडीत गरमही करायची, त्यासाठी वेगवेगळे पंप, व्हॉल्व्ह, चिलर असं मोठं जाळं असतं. आणि बाहेरच्या माणसाला पटत नाही पण बऱ्याचशा ईव्ही बंद पडून येतात त्या मोठ्या बॅटरीमुळे नाही, छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीमुळे. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर म्हणजे मोठे स्विच या १२ व्होल्टवर चालतात, ती बसली की गाडी जागची हलत नाही, मग मोठी बॅटरी फुल चार्ज असली तरी उपयोग नाही.

दुसरं म्हणजे आज शोरूममधून निघालेली पेट्रोल किंवा डिझेल गाडी काही पुढच्या वर्षी भंगारात जात नाही. अमेरिकेत रस्त्यावर असलेल्या कार आणि हलक्या गाड्यांचं सरासरी वय १२ वर्षांच्या वर गेलंय, आणि सरासरीच १२ म्हटल्यावर त्याच्या वरच्या वयाच्या गाड्या किती असतील बघ. गाड्या जितक्या जुन्या तितकं काम जास्त, हा या धंद्याचा साधा हिशोब आहे. मध्ये हायब्रिड पण आहेत, टोयोटाची पहिली प्रिअस १९९७ मध्ये आली तेव्हापासून, आणि हायब्रिडमध्ये तर इंजिनही आहे, मोटरही आहे, हाय व्होल्टेज बॅटरीही आहे, म्हणजे दोन्हीकडचं ज्ञान एकाच माणसाकडे लागतं. तू आज शिकायला लागलास तर तुझ्या कामाच्या पहिल्या वीसेक वर्षांत या तिन्ही प्रकारच्या गाड्या तुझ्या हाताखालून जाणार, त्यामुळे "मी फक्त ईव्ही शिकतो, इंजिन आता जुनं झालं" असं करू नको, आणि त्याच्या उलटही करू नको.

हे काम असं बदललं काही एकदम झालेलं नाही. १९६७ मध्ये बॉश या जर्मन कंपनीचं इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन गाड्यांमध्ये आलं, १९७८ मध्ये एबीएस म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टिम आली, १९८६ मध्ये बॉशनेच कॅन बस लोकांपुढे मांडली म्हणजे एकाच दोन वायरच्या जोडीवर गाडीतले वेगवेगळे कंट्रोल युनिट एकमेकांशी बोलायला लागले, आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या कारना ओबीडी-टू म्हणजे स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचायची ठरलेली पद्धत सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. प्रत्येक टप्प्याला लोक म्हणाले की आता साध्या मेकॅनिकचं काही खरं नाही, आणि प्रत्येक टप्प्याला जे शिकले ते पुढे गेले. जर्मनीने २००३ मध्ये तर मोटर मेकॅनिक आणि ऑटो इलेक्ट्रिशियन हे वेगळे ट्रेडच बंद केले आणि दोन्ही एकत्र करून मेकॅट्रॉनिक नावाचा साडेतीन वर्षांचा एकच ट्रेड केला, कारण इंजिनवाला आणि वायरवाला अशी वाटणी करून गाडी दुरुस्त होईना. मला विचारशील तर पूर्ण उत्तर या एका निर्णयात आहे. वायरिंगला घाबरणारा मेकॅनिक आणि पाना न धरणारा इलेक्ट्रिशियन, दोघांचीही पुढे अडचण आहे.

आता शोधणारा म्हणजे काय ते उदाहरणाने सांगतो, नाहीतर हे नुसतं भाषण होईल. समज गाडीत चेक इंजिनचा लाइट आलाय, स्कॅनर लावला, पी०१७१ कोड आला. याचा अर्थ एवढाच की इंजिनला मिळणारं मिश्रण पातळ आहे, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आता कोड आला की बरेच जण ऑक्सिजन सेन्सर बदलून टाकतात, कारण मिश्रण मोजतो तो सेन्सर. पण सेन्सर बिचारा खरं सांगत असेल तर? इनटेकचा पाइप चिरलेला असू शकतो, कुठूनतरी व्हॅक्यूम लीक असेल म्हणजे इंजिन फटीतून जास्तीची हवा ओढत असेल, एअर फ्लो सेन्सर घाण झाला असेल, फ्युएल पंप कमी प्रेशर देत असेल, इंजेक्टर चोकअप असतील, एक्झॉस्टला सेन्सरच्या आधी लीक असेल. शोधणारा माणूस आधी फ्युएल ट्रिम बघतो, म्हणजे मिश्रण बरोबर ठेवायला कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा, आयडलला म्हणजे रेस न देता किती आणि २५०० आरपीएमला किती. आयडलला ट्रिम खूप वर आणि आरपीएम वाढवल्यावर खाली येत असेल तर बहुतेक व्हॅक्यूम लीक, कारण जास्त हवा आत जायला लागली की तेवढ्या लीकचा परिणाम कमी होतो. उलट लोड वाढल्यावर ट्रिम आणखी वर जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एअर फ्लो सेन्सर कमी दाखवतोय. पाच मिनिटांचं काम आहे, एकही पार्ट खर्ची पडत नाही, आणि कुठल्या दिशेला शोधायचं ते कळतं. कोड फक्त कुठल्या गल्लीत जायचं ते सांगतो, घर आपल्याला शोधावं लागतं.

अजून एक. माझ्याकडे एक गाडी आली होती, एबीएस, स्टिअरिंग, गिअरबॉक्स सगळे लाइट एकदम लागलेले, दुसरीकडे कुठेतरी त्यात एक कंट्रोल मॉड्यूल बदलून झालं होतं तरी प्रॉब्लेम तसाच. इतकी सगळी युनिट एकाच वेळी खराब होत नसतात, म्हणजे सगळ्यांना समाईक असं काहीतरी बिघडलंय, एवढा विचार केला की अर्धं काम झालं. बॅटरी काढून कॅनच्या दोन वायरमध्ये रेझिस्टन्स मोजला, ६० ओहमच्या आसपास आला, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात आणि ते समांतर जोडलेले म्हणून ६०, म्हणजे बसची वायर शाबूत. मग बॅटरी परत लावून सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत व्होल्टेज ड्रॉप म्हणजे वाटेत किती व्होल्ट वाया जातात ते मोजलं, तो ड्रॉप पाव व्होल्टच्या आसपास असायला हवा तर एक व्होल्टच्या वर निघाला. अर्थिंगची पट्टी बॉडीला जिथे बसते तिथे आत गंज धरला होता, वरून बोल्ट एकदम चांगला दिसत होता. घासून साफ केला, घट्ट केला, सगळे लाइट गेले. यात लागलं काय तर एक मल्टिमीटर आणि ओहमचा नियम डोक्यात पक्का बसलेला. हे ज्याला जमतं त्याला ईव्ही येऊ दे नाहीतर आणखी काही येऊ दे, तो उपाशी राहत नाही.

आता रस्ते कुठले कुठले आहेत. सगळ्यात नेहमीचा म्हणजे हेल्पर किंवा शिकाऊ म्हणून लागायचं, मग टेक्निशियन, सिनिअर टेक्निशियन, मग डायग्नोस्टिक टेक्निशियन किंवा मास्टर टेक्निशियन. पहिले दोन टप्पे वेळ गेला की आपोआप होतात, तिसऱ्याच्या पुढे आपोआप काही होत नाही. मी असे लोक बघतो जे पंधरा वर्षं काम करतायत पण पहिल्याच वर्षाचं काम पंधरा वेळा केलंय. अमेरिकेत एएसई नावाची संस्था १९७२ पासून टेक्निशियनची परीक्षा घेते, नुसती परीक्षा पास होऊन सर्टिफिकेट मिळत नाही, कामाचा अनुभवही दाखवावा लागतो, आणि मिळालेलं सर्टिफिकेट पाच वर्षांनी परत सिद्ध करावं लागतं. मला ही पद्धत फार आवडते, कारण पाच वर्षांत गाडी खरंच बदललेली असते. तू जिथे असशील तिथे अशी सक्ती नसली तरी स्वतःला ती लावून घे.

बॉडी आणि पेंटचं काम लोक दुय्यम समजतात, आणि मला वाटतं येत्या काळात सगळ्यात मोठी ओढाताण इथेच होणारे. कारण डेंट काढणं हे पूर्वीसारखं फक्त हातोडी आणि नजरेचं काम राहिलेलं नाही. आजच्या गाडीच्या पिलरमध्ये बोरॉन स्टीलसारखं अतिशय कडक स्टील असतं, ते गरम करून सरळ करायला गेलास तर त्याची ताकद जाते आणि पुढच्या अपघातात तो पिलर आतल्या माणसाला वाचवत नाही, म्हणून कुठे कापायचं, कुठे वेल्ड करायचं, कुठे हातच लावायचा नाही हे कंपनीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये वाचूनच करावं लागतं. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी असेल तर हत्यारं वेगळी, जागा वेगळी. त्यात आता काचेमागे कॅमेरा आणि बंपरमागे रडार असतं. समोरची काच बदलली की तो कॅमेरा परत कॅलिब्रेट करायला म्हणजे त्याची नजर मोजून बरोबर बसवायला लागते, रडारसमोर बंपरवर रंगाचे आणि पुट्टीचे थर जास्त चढले की रडारला नीट दिसत नाही. युरोपियन युनियनमध्ये जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारना आपोआप ब्रेक मारणारी सिस्टिम सक्तीची आहे, म्हणजे बऱ्याचशा छोट्या ठोकरींनंतरही हे कॅलिब्रेशनचं काम निघणार. बॉडीचंही कळतं आणि कॅलिब्रेशनचंही कळतं असा माणूस मला आत्ता पटकन शोधून दे म्हटलं तर मिळणार नाही. तुला यात रस वाटला तर बिनधास्त जा.

जड वाहनांकडे पोरं बघतच नाहीत, याचं मला कायम आश्चर्य वाटतं. ट्रक, बस, ट्रॅक्टर, जेसीबी, क्रेन, जनरेटर. कार बंद पडली तर मालक रिक्षाने जातो, पण ट्रक बंद पडला की त्याचं रोजचं उत्पन्न बंद, त्यामुळे जो लवकर चालू करून देतो त्याला पैसे देताना कोणी घासाघीस करत नाही. शिवाय आजच्या डिझेलचा धूर साफ करणारी सिस्टिम स्वतःच एक मोठा विषय आहे, पार्टिक्युलेट फिल्टर, ३२.५ टक्के युरिया असलेलं फ्लुइड, त्याचा पंप, ते एक्झॉस्टमध्ये सोडणारा डोसिंग इंजेक्टर, धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर, यातलं एक जरी बिघडलं तरी गाडी ताकद कमी करते आणि ड्रायव्हर रस्त्यात अडकतो. हे समजून दुरुस्त करणारे कमी आहेत. लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये डिझेल कारपेक्षा जास्त काळ टिकणार असंही मला वाटतं. काम मात्र जड आहे, शरीर लागतं, आणि कधीकधी रात्री-अपरात्री साइटवर जावं लागतं.

बाकीचे रस्ते थोडक्यात सांगतो. बोलणं चांगलं असेल आणि गाडीही कळत असेल तर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर हो, मात्र आधी दोन-तीन वर्षं हात काळे केलेले असले पाहिजेत, नाहीतर ग्राहक एक सांगतो आणि जॉब कार्डवर भलतंच लिहिलं जातं, आणि आत टेक्निशियन त्या चुकीच्या ओळीवरून दिवस घालवतो. पार्ट आणि वॉरंटी डिपार्टमेंट आहे, इन्शुरन्सचा सर्व्हे आहे, जुन्या गाड्या तपासून देण्याचं काम आहे, मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांचा ताफा सांभाळणारे फ्लीट मॅनेजर असतात, टेक्निकल ट्रेनर असतात, फोनवरून इतर वर्कशॉपना बिघाड शोधायला मदत करणारे हेल्पडेस्क आहेत. या सगळ्या जागांवर जो गाडीखाली झोपून आलाय त्याचं वजन वेगळं असतं. आणि गुडघे, पाठ बोलायला लागतात त्या वयात हे रस्ते उघडे असणं फार मोठी गोष्ट आहे, त्याबद्दल पुढे बोलतोच.

तुझा कोर्सचा प्रश्न. ट्रेड कोर्स, डिप्लोमा, डिग्री या तिन्ही गोष्टी एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत असं लोक समजतात, तसं नाहीये. इंजिनिअरिंगची डिग्री माणसाला गाडी डिझाइन करणं, टेस्ट करणं, कारखान्यात बनवणं, त्याचं सॉफ्टवेअर लिहिणं याकडे नेते. चांगली वाट आहे, पण बहुतेक डिग्रीवाले इंजिनिअर बिघडलेली गाडी दुरुस्त करायला शिकत नाहीत आणि तो त्यांचा उद्देशही नसतो. तुला गणित मनापासून आवडत असेल, कागदावर तासन् तास बसवत असेल, तर डिग्रीचा विचार कर. तू लिहिलंयस की हाताने काम करायला आवडतं, उघडून बघायला आवडतं, तर ट्रेड कोर्स किंवा डिप्लोमा आणि त्याच्यासोबत खऱ्या वर्कशॉपमधली अप्रेंटिसशिप, हे तुझ्यासाठी जास्त बरोबर वाटतं. दोन्ही परवडत असेल तर डिप्लोमा घे, कारण पुढे डिग्रीला जायचं दार उघडं राहतं आणि ट्रेनर, सर्व्हेअर, मॅनेजर अशा जागांना बऱ्याच ठिकाणी कागद मागतात. पण कॉलेज निवडताना इमारत बघू नको, वर्कशॉपमध्ये चालू स्थितीतली, इतक्यात आलेली गाडी आहे का बघ, ऑसिलोस्कोप म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र आहे का, विद्यार्थी स्वतः हात लावतात की नुसतं बघतात हे तिथल्याच शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचार. कापून ठेवलेलं जुनं इंजिन आणि भिंतीवर चार्ट एवढंच असेल तर तो कागदाचा कोर्स आहे.

पहिली नोकरी निवडताना पगार हा दुसऱ्या नंबरचा मुद्दा ठेव, निदान पहिली दोन-तीन वर्षं. मी हे मालकांच्या बाजूने बोलत नाहीये, फुकट राबवून घेणाऱ्याकडे अजिबात थांबू नको, पण जिथे शिकायला मिळतं ती जागा थोड्या कमी पैशात पण घे. मुलाखतीला गेलास की तूही प्रश्न विचार. इथे वायरिंग डायग्राम आणि कंपनीची दुरुस्तीची माहिती सगळ्यांना बघायला मिळते का, की एकाच माणसाच्या लॉगिनमध्ये आहे? अवघड गाडी आली की कोण बघतं आणि शिकाऊ मुलाला त्याच्या शेजारी उभं राहू देतात का? ट्रेनिंगला कोणाला पाठवतात, त्या दिवसाचा पगार देतात का? ज्या वर्कशॉपमध्ये या प्रश्नांचा राग येतो तिथे तू पुढची पाच वर्षं ऑइल फिल्टर बदलत राहशील.

अधिकृत डीलरकडे एकाच कंपनीच्या गाड्या, पण ट्रेनिंग पद्धतशीर, हत्यारं बरोबर, नवीन टेक्नॉलॉजी आधी बघायला मिळते. स्वतंत्र गॅरेजमध्ये सगळ्या कंपन्यांच्या, सगळ्या वयाच्या गाड्या, डोकं जास्त चालवावं लागतं, पण माहिती आणि हत्यारं कमी. माझं मत विचारशील तर आधी डीलरकडे जाऊन शिस्त शिकून घे, मग चांगल्या स्वतंत्र ठिकाणी जाऊन डोकं तयार कर. काही जण उलट रस्त्यानेही मोठे झालेत, त्यामुळे हा काही कायदा नाही.

पगाराच्या पद्धती पण समजून घे. काही ठिकाणी ठरलेला महिना असतो, काही ठिकाणी महिना अधिक इन्सेंटिव्ह, आणि काही देशांत फ्लॅट रेट असतो, म्हणजे प्रत्येक कामाला पुस्तकात ठरलेले तास असतात, तू ते काम लवकर केलंस तरी तेवढ्याच तासांचे पैसे, उशिरा केलंस तरी तेवढेच. हात चालणाऱ्याला यात चांगले पैसे मिळतात. पण बिघाड शोधण्याच्या वेळेला बऱ्याच ठिकाणी पुस्तकात तास कमी किंवा नसतातच, मग हुशार माणूस अवघड गाडी घ्यायलाच तयार होत नाही, सोप्या ब्रेकच्या गाड्या उचलतो, आणि वर्कशॉपमध्ये डायग्नोसिस मरतं. अशा ठिकाणी जाणार असशील तर डायग्नोसिसचा वेळ वेगळा धरतात का, हे आधी विचारून घे आणि मगच हो म्हण.

हाय व्होल्टेजबद्दल मला थोडं कडक बोलू दे. गाड्यांच्या नियमांत ६० व्होल्ट डीसीच्या वर धोकादायक व्होल्टेज धरतात आणि ईव्हीच्या बॅटरीत साधारण ४०० व्होल्ट असतात, काहींमध्ये ८००. व्हिडिओ बघून नारिंगी वायरला म्हणजे हाय व्होल्टेजच्या वायरला हात लावायचा नाही म्हणजे नाही. पद्धत अशी असते की गाडी बंद, हाय व्होल्टेजचं सर्किट तोडणारा सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात किंवा कुलपात ठेवायचा म्हणजे दुसरा कोणी परत लावणार नाही, कंपनीने सांगितली तेवढी मिनिटं थांबायचं कारण इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, मग योग्य रेटिंगच्या मीटरने शून्य व्होल्ट आहे हे तपासायचं, आणि तो मीटर आधी आणि नंतर माहीत असलेल्या व्होल्टेजवर तपासून घ्यायचा, कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. हातात १००० व्होल्टचे क्लास झिरो रबरी हातमोजे, वर चामड्याचे, आणि प्रत्येक वेळी त्यात हवा भरून भोक नाही ना बघायचं. हे रीतसर शिकवणारा कोर्स जिथे मिळेल तिथे कर, पैसे गेले तरी चालतील. या कोर्समुळे बारीकसारीक पण महाग गोष्टीही कळतात, जसं की हायब्रिड किंवा ईव्हीच्या एसीमध्ये नेहमीच्या गाडीच्या कॉम्प्रेसरचं पीएजी नावाचं ऑइल गेलं तर कॉम्प्रेसरच्या आतलं इन्सुलेशन कमी होतं आणि गाडी हाय व्होल्टेजचा फॉल्ट दाखवून बंद होते. ज्या मशिनने सकाळी साध्या गाडीचा एसी भरला तेच मशिन तसंच दुपारी ईव्हीला लावलं, एवढ्यावरून हे होऊ शकतं.

आणि शरीर. या विषयावर गॅरेजमध्ये कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. डिझेलचा धूर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्ये कॅन्सरला कारणीभूत असणाऱ्या पहिल्या गटात टाकलाय, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं असेल तर धूर बाहेर नेणारा पाइप लावच. टू-के म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या पेंटमध्ये, त्या हार्डनरमधल्या आयसोसायनेट नावाच्या रसायनामुळे कायमचा दमा होऊ शकतो, तिथे रुमाल बांधून चालत नाही, हवेची लाइन असलेला मास्क लागतो. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नको. वापरलेलं इंजिन ऑइल रोज त्वचेवर राहू देऊ नको, नायट्राइलचे हातमोजे घाल, कोणी हसलं तर हसू दे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय नाही, एका मिनिटाचं काम असलं तरी नाही. मी या लाइनमधले फार गुणी हात वेळेच्या आधी थांबलेले बघितलेत, आणि कामातलं डोकं अगदी शाबूत असताना कंबर किंवा फुप्फुसं गेल्यामुळे थांबलेले बघितलेत, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तू विचारलं नाहीस पण मुलींनी यावं का असं काही जण विचारतात. यावं. डायग्नोसिसला, कॅलिब्रेशनला, पेंटला लागते ती चिकाटी आणि शांत डोकं, आणि जड उचलायला लिफ्ट, होइस्ट आहेतच, ते तर पुरुषांनीही वापरायला हवेत.

दहा-पंधरा वर्षांनी कुठे असशील, याचं उत्तर पहिल्या पाच वर्षांत तू काय केलंस यावर आहे. साधारण असं बघ. पहिली दोन वर्षं पाया, टॉर्क रेंच शिवाय बोल्ट न आवळण्याची सवय, स्वच्छता, प्रत्येक कामाची नोंद. पुढची तीन वर्षं इलेक्ट्रिकल, वायरिंग डायग्राम वाचणं, स्कोपवर सेन्सरचे सिग्नल बघणं, हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग. तिथून पुढे एखादा विषय आपला करायचा, डिझेल, ईव्ही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कॅलिब्रेशन, जे आवडेल ते. असं केलेला माणूस दहाव्या वर्षी वर्कशॉपमधला तो एक असतो ज्याच्याकडे सगळ्यांनी हात टेकलेली गाडी आणून लावतात, आणि त्याचा पगार ठरवताना मालकालाच टेन्शन येतं.

स्वतःचं गॅरेज टाकायचं स्वप्न सगळ्यांचं असतं, तुझंही असेल. टाक, पण आठ-दहा वर्षांच्या आधी नको. चांगला मेकॅनिक असणं आणि गॅरेज चालवणं यात फरक आहे, तिथे पार्टची उधारी, माणसांचे पगार, ग्राहकाला खर्च आधी लेखी सांगणं, वॉरंटीवर परत आलेली गाडी हसत घेणं हे सगळं येतं. आणि आता स्कॅनरचं दरवर्षीचं सबस्क्रिप्शन, दुरुस्तीच्या माहितीचं सबस्क्रिप्शन, कॅलिब्रेशनचे बोर्ड असा खर्च आहे जो पूर्वी नव्हता, तो भाड्याइतकाच नियमित धरावा लागतो. सगळ्या गाड्यांची सगळी कामं घेण्यापेक्षा एक-दोन गोष्टींत नाव कमावलेलं छोटं गॅरेज जास्त टिकतं असं मी बघत आलोय, दुसरी गॅरेजवाली मंडळीच त्याच्याकडे गाड्या पाठवतात.

कोर्स सुरू व्हायला अजून वेळ असेल तर तोवर एक बरा डिजिटल मल्टिमीटर घे आणि घरी किंवा ओळखीत जी गाडी असेल तिच्यावर मालकाला विचारून तीन रीडिंग घे. गाडी रात्रभर बंद असताना बॅटरीचं व्होल्टेज, सेल्फ मारताना ते किती खाली जातं, आणि इंजिन चालू झाल्यावर किती. पहिलं साधारण १२.६ च्या आसपास असेल, दुसरं १० च्या खाली जायला नको, तिसरं बऱ्याच गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या मध्ये, नवीन गाड्यांमध्ये कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो त्यामुळे तिथे आकडा हलताना दिसेल. चार-पाच वेगवेगळ्या गाड्यांवर घे, वहीत लिही, आणि ज्या गाडीचा आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा आला त्याचं कारण स्वतः शोधायचा प्रयत्न कर. आकडे मला पाठव, आपण त्यावर बोलू.